पाचातला एक बाहेर गेल्यावर

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो 'यलो कार्डानंतरची दोन मिनिटं'. खाली छापणाऱ्याने 'कॅनो पोलो'चं 'कॅनो पोळा' असं केलंय. (हशा) त्याला बोल लावू नका. नागपुरात 'पोलो' म्हटलं की लोक लाकडी बैल शोधायला लागतात, आणि पिवळं काही दिसलं की मिरवणुकीतली पिवळी मारबत आठवते. मैदानावर पंचाने पिवळं कार्ड काढलं की आपल्या बाकावरून 'घेऊन जा गे मारबत' असा आवाज आलाच पाहिजे, असं माझं म्हणणं नाही; पण भावना तीच असते. फरक एवढाच की ही मारबत इडापिडा नेत नाही, आपला खेळाडू नेते, दोन मिनिटांसाठी.

नावाचा आणखी एक घोटाळा सांगून पुढे जातो. पाण्यावर बोटीत बसून चेंडूने खेळायच्या या खेळाचं नाव कॅनो पोलो असलं तरी आपण बसतो कयाकमध्ये. पाय पुढे पसरून, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं घेऊन. 'ऑलिम्पिकमध्ये आहे का?' हा प्रश्न दरवेळी येतो, म्हणून आधीच सांगतो: नाही. जागतिक अजिंक्यपद 1994पासून आहे, पहिलं शेफील्डला झालं. 2005मध्ये डुइसबर्गला वर्ल्ड गेम्समध्ये आला. तेवढ्यावर भागवा.

नियम तुम्हाला माहीत आहेत, नव्यांसाठी धावत सांगतो. मैदान 35 मीटर लांब, 23 मीटर रुंद. पाण्यावर पाच जण, बाहेर तीन सब, म्हणजे बदली खेळाडू. दहा-दहा मिनिटांचे दोन हाफ. गोल दीड मीटर रुंद, एक मीटर उंच, आणि त्याची खालची कड पाण्यापासून दोन मीटर वर टांगलेली. हातात चेंडू आला की पाच सेकंदांत सोडायचा. एकट्याने पुढे न्यायचा असेल तर निदान एक मीटर लांब फेकून पुन्हा गाठायचा. आणि साठ सेकंदांत गोलवर शॉट गेला पाहिजे. हा साठचा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागेल. म्हणजे शेवटापर्यंत पोचलो तर.

आता दोन मिनिटांकडे यायच्या आधी मला बोटीच्या पोटात शिरायचंय. यलो कार्ड मिळालेल्या पोराला सगळे म्हणतात, 'डोकं गरम आहे बाप्पा त्याचं'. मला हे पटत नाही. स्थानिक क्लबच्या पोरांना जी कार्डं मिळतात, त्यांतली बरीचशी डोक्यामुळे मिळत नाहीत. बसायच्या जागेमुळे मिळतात. (कुजबुज) हसा, पण ऐका.

हँड टॅकल कधी चालतो? समोरच्याच्या हातात चेंडू असताना, उघड्या पंजाने, पाठीवर, दंडावर किंवा बाजूला ढकललं तर. ज्याची कंबर बोटीत सैल आहे, त्याने वळायचं ठरवल्यापासून बोट वळेपर्यंत अर्धा सेकंद जातो. तेवढ्यात चेंडू गेलेला असतो आणि याचा हात मात्र पोचलेला असतो. चेंडू नसलेल्या माणसाला ढकललं, शिट्टी. दुसरं, सैल बसलेला माणूस तोल सांभाळायला पॅडलचा आधार घेतो. ते पॅडल हवेत फिरतं आणि चेंडूकडे गेलेल्या हाताजवळ येतं. पुन्हा शिट्टी. तिसरं, बोट वेळेवर थांबवता आली नाही की तिचं नाक समोरच्याच्या कुशीत काटकोनात घुसतं. हा तर धोकादायक टॅकल. तीनही वेळा पोरगं म्हणतं, 'मी मुद्दाम केलं नाही सर.' ते खरं बोलत असतं, पण त्याने काही फरक पडत नाही.

तर पॅडिंग. क्लबात बोट येते तेव्हा आतली जागा कुणाच्याच मापाची नसते. ईव्हीए फोमच्या पट्ट्या कापून कंबरेच्या दोन्ही बाजूंना लावायच्या. माप असं घ्या: बसल्यावर कंबर आणि फोम यांच्यात तळहात सपाट सरकवला, तर तो अडकत अडकत जायला हवा. मुठीइतकी जागा राहिली, तर बोट तुमची नाही, तुम्ही फक्त पाहुणे आहात. गुडघे मांडीच्या हुकांखाली दाबून बसले पाहिजेत. पायाचा चवडा समोरच्या टेकूवर टेकलेला हवा. टाच नव्हे, चवडा. वीस मिनिटं बसून पायाला मुंग्या आल्या तर टेकू फार जवळ आहे, बोटभर लांब सरकवा. कंबरपट्टा माकडहाडाच्या वर असू द्या, पाठीच्या मध्यावर आला तर फेकताना अंग फिरतच नाही. आणि लांब शॉट त्या फिरण्यातून येतो, खांद्यातून नाही. खांद्याने फेकणाऱ्यांची यादी तुम्ही फिजिओथेरपिस्टकडे बघून घ्या.

तपासायचं कसं? तलावाच्या काठाला हात धरून बोट कुशीवर पाडा आणि नुसत्या गुडघ्याने व कंबरेने उभी करा. दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. डोकं सगळ्यात शेवटी वर आलं पाहिजे. दहातल्या आठव्या वेळेला कंबर घसरली तर फोमची आणखी एक पट्टी. तीच घसरण सामन्यात रोल करताना, म्हणजे उलटलेली बोट आत बसूनच सरळ करताना होते. मग माणूस बोटीतून बाहेर पडतो, आणि बाहेर पडलेल्याने सामान घेऊन मैदान सोडायचं असतं. तुमचा एक सब असा फुकट खर्च होतो.

आता नागपूरचा मुद्दा, हे पुण्या-मुंबईच्या मंडळींना सांगून कळत नाही. फोम चिकटवायला कॉन्टॅक्ट अॅडेसिव्ह लागतं, सनमायका बसवायला सुतार वापरतात तेच. दोन्ही बाजूंना पातळ थर लावायचा, बोट लावलं तर चिकटेल पण हाताला लागणार नाही इतका सुकू द्यायचा, मग एकदाच दाबायचं. मे महिन्यात हा थर बघता बघता सुकतो, आणि लोक 'अजून थोडं थांबू' म्हणत कोरडा ठणठणीत करून टाकतात. मग तो दोन दिवसांत सुटतो. दुसरं, पंचेचाळीस अंशांत बोट उन्हात ठेवली की गोंद मऊ होतो आणि पट्टी खाली सरकते. सामन्याच्या सकाळी पोरगा बसतो, त्याला कळतच नाही की कंबर का लटपटते. बोट सावलीत ठेवा, उलटी ठेवा, वर ओलं पोतं टाका. कूलरसमोर ठेवायला मिळाली तर माणसाच्या आधी बोट! (हशा)

तडे गेले असतील तर शहरात फायबरची कामं करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे जा. पण एक सांगून ठेवा: उन्हाळ्यात पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर कमी. थंडीच्या मापाने टाकला तर ते भांड्यातच उकळल्यासारखं गरम होऊन घट्ट होतं. बोटीवर लावायला काही उरत नाही. तड्याभोवती चार बोटं जागा सँडपेपरने खरवडून, पुसून, पूर्ण कोरडी करून मगच फायबरच्या मॅटचे थर, प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा मोठा. स्पर्धेच्या ठिकाणी फक्त चिकटपट्टी. तीही स्पिरिटने पुसून आणि नखाने घासून लावलेली. ओल्या बोटीवर चिकटवली तर पहिल्याच टकरीत ती पट्टी पाण्यावर तरंगताना दिसते.

बरं, बोटींची गरगर. पुरुषांचा संघ आणि मुलींचा संघ एकाच बोटींवर खेळतात. सामने पाठोपाठ लागतात, मधल्या वेळात बोटी बदलायच्या. साडेपाच फुटी माणसाच्या बोटीत पाच फुटी मुलगी बसते आणि पाय टेकूपर्यंत पोचतच नाहीत. मग टेकूच्या पुढे चपला कोंबणं, टॉवेल गुंडाळणं, हे सगळं मी बघतो आणि मनातल्या मनात चिडतो. भाऊ, फोमचे ठोकळे कापून ठेवा, प्रत्येकावर खेळाडूचा नंबर मार्करने लिहा, एका पोत्यात भरा. बोट बदलली तरी ठोकळा आपला. अर्ध्या तासाचं काम आहे, त्याला पैसेही लागत नाहीत. तरीही दरवर्षी तेच. बोट विकत घेताना क्लब रंग बघतो, कॅटलॉग बघतो, आणि आत कोण बसणार हे कुणी विचारत नाही. बोट सात किलोपेक्षा हलकी चालत नाही, लांबी 2.10 ते 3 मीटर, रुंदी 50 ते 60 सेंटीमीटर, हे सगळ्यांना पाठ आहे. आतल्या फोमचं माप मात्र कुणाला माहीत नाही.

स्प्रेडेकचं, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून कंबरेभोवती बसवायच्या झाकणाचं एक वाक्य, म्हणजे तीन. आधी पाठीमागची कड, मग बाजू, समोरची शेवटी; ओढायचा पट्टा बाहेर राहिलाय ना हे हाताने चाचपायचं, डोळ्याने नाही. कड सैल झाली असेल तर टकरीत डेक आत बसतो आणि बोटीत वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन शिरतं, बोटीच्याच दुपटी-तिपटीचं. आणि कंबरेवर घट्ट डेक चढवायचा असतो हे लक्षात ठेवून आदल्या रात्री सावजीवर ताव मारायचा की नाही ते ठरवा. तर्री पोहे सकाळी चालतील, तर्री सोडून. (हशा)

स्पर्धेआधीच्या सामान-तपासणीत काय काय अडतं तेही इथेच सांगतो, कारण सकाळी आठ वाजता सांगून उपयोग नसतो. हेल्मेटच्या जाळीत सात सेंटीमीटरचा गोल शिरत असेल तर हेल्मेट बाद. पॅडलचं पातं पाच मिलिमीटरपेक्षा पातळ झालं असेल तर तेही बाद. काठाला, फरशीला घासून घासून कड कातरीसारखी होते, ती नुसती धारदार नसते, पातळही झालेली असते. बोटीच्या टोकांवरच्या बंपरचा फोम सुटला असेल तर आधी तोच बघतात. म्हणून आदल्या दिवशी, प्रवास करून पोचल्यावर, एकदा सगळं मांडून बघा. भोपाळला जायचं तर साडेतीनशे किलोमीटर, टेम्पोत बोटी उलट्या, मध्ये गाद्या, आणि दोरी बोटीवरून न घेता गादीवरून. दोरी थेट बोटीवर आवळली तर खळगा पडतो, तो तिथे गेल्यावर दिसतो.

चिठ्ठी आलीय. 'दहा मिनिटं' असं लिहिलंय, आणि मला वाटतं यात सभागृह बंद करायची पाच आहेत. तर विषयावर येतो.

एक जण बाहेर, दोन मिनिटं, त्याच्या जागी सब नाही. समोर पाच, आपण चार. साठ सेकंदांचं घड्याळ आठवा: दोन मिनिटं म्हणजे जास्तीत जास्त त्यांची दोन पूर्ण आक्रमणं. एक आक्रमण आपण चेंडू धरून खाल्लं, तर त्यांच्याकडे एकच उरतं. म्हणून पहिला प्रश्न: चेंडू कुणाकडे आहे?

आपल्याकडे असेल तर शॉटची घाई नको. पाच सेकंदांच्या आत पास, पास, आणि पास देणारा लगेच हलता. कोपऱ्यात जायचं नाही. त्यांच्याकडे एक माणूस मोकळा असतो, कोपऱ्यात तो दुसरा होऊन चिकटतो आणि तुमच्या मागे मैदानाची कड असते. मधल्या पट्ट्यात रहा. घड्याळात पाच-सात सेकंद उरले की चेंडू त्यांच्या लांबच्या कोपऱ्यात टाका. घाईचा शॉट त्यांच्या कीपरच्या हातात गेला, तर पाच जण मोकळ्या मैदानात तुमच्यावर येतात आणि तुम्ही चौघेही वर असता.

चेंडू त्यांच्याकडे असेल तर पाठलाग करणारा एक, जो आपण एरवी वर ठेवतो, तो आता नाही. कीपर गोलखाली, पॅडल उभं, आणि बाकी तिघांचा त्रिकोण गोलपासून सहा मीटरच्या रेषेच्या आत. दोघे कीपरच्या दोन्ही बाजूंना थोडे पुढे, एक शेंड्यावर. बोटींची नाकं बाहेर. लांबचा शॉट त्यांना घेऊ द्या. सहा मीटरबाहेरून आलेला चेंडू पॅडलने थांबवणं कीपरला जमतं. समोर मोकळा माणूस मिळाला तर नाही. ते काय करतील? एक जण कीपरच्या नजरेआड बसायला येईल. त्याला अडवायला शेंड्यावरचा खाली गेला की वरचा मोकळा. म्हणून बाजूचे दोघे त्याला घेतील, शेंड्यावरचा हलणार नाही. चेंडू हातात नसलेल्या कीपरला हलवायचा त्यांना अधिकार नाही, त्यामुळे कीपरने दचकायचं नाही, नजर चेंडूवर. आणि या दोन मिनिटांत हँड टॅकल कमीत कमी. चौघांतला एक गेला तर तिघे राहतात, मग त्रिकोण विसरा.

राहिला बाकावरचा मुद्दा. घड्याळ बघायचं काम एकाच सबला द्या, तो दर तीस सेकंदांनी ओरडेल, बाकीचे गप्प. बाहेर बसलेला खेळाडू परत येताना अधिकाऱ्याची परवानगी मिळेपर्यंत बोट हलवायची नाही.  तो बाहेर असताना काय करेल? त्याला कंबरेची पट्टी सरकलीय का ते बघू द्या.

हो, हो, दिवे बंद करताहेत. प्रश्न बाहेर पायऱ्यांवर घेऊ. फोमचा एक तुकडा आणलाय, तो परत द्या मात्र.