काही आणलंय का?

(दृश्य: इंग्लंडमधल्या डोव्हरचे पांढरे कडे, पहाट. खाली समुद्र, वर धुकं.)

25 जुलै 1909. रविवार. डोव्हरच्या किल्ल्यामागच्या उतारावर एक विमान गवतात आदळतं. पंखा मोडतो, चाकांचा सांगाडा वाकतो. आतून फ्रेंच वैमानिक लुई ब्लेरिओ बाहेर येतो, भाजलेल्या पायानं लंगडत. फ्रान्समधल्या कॅलेजवळून निघाल्याला जेमतेम 37 मिनिटं झालीत. 25 अश्वशक्तीचं इंजिन, सोबत होकायंत्रसुद्धा नाही, आणि गड्यानं इंग्लिश खाडी ओलांडली.

गर्दी जमते. पाठोपाठ कस्टम्सची माणसं येतात आणि त्यांच्यापुढे पेच पडतो. परदेशातून माणूस आलाय, तेव्हा नोंद करणं भाग आहे; पण विमानाचा फॉर्म अजून कुणी छापलेलाच नाही. मग जहाजाचा फॉर्म निघतो. जहाजाचं नाव: मोनोप्लेन. कप्तान: ब्लेरिओ. कुठून आलं: कॅले. प्रवासात जहाजावर कोणताही संसर्गजन्य रोग नव्हता, सबब पुढे जाण्यास हरकत नाही.

आज हसू येतं. पण त्या कारकुनाला नावं ठेवू नका. कोण आहेस, काय आणलंस, आजारी तर नाहीस ना? हे तीन प्रश्न त्यानं जहाजावरून उचलून विमानावर ठेवले, आणि ते तिथून आजतागायत उतरलेले नाहीत.

(दृश्य: इंग्लंडच्या केंटमधला लिड विमानतळ, आजची एक सकाळ. चार आसनांचं सेसना. वैमानिक डबीत थोडं पेट्रोल काढून उजेडात धरतो, पाणी आहे का बघतो.)

खाडीपलीकडे, सुमारे 70 किलोमीटरवर, फ्रान्सचं ल तुके. इंग्लंडच्या हौशी वैमानिकांची ही जुनी वाट. शनिवारी सकाळी उडायचं, तिकडे जेवायचं, संध्याकाळी घरी. अशा विमानाला अंतर पंचवीसेक मिनिटांचं. कागदांचं काम मात्र आदल्या रात्रीच सुरू झालेलं असतं.

त्याच्या मागच्या सीटवर प्लास्टिकची एक फाइल आहे. ती उघडून बघू. विमानाचं नोंदणीपत्र. उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र. विम्याचा दाखला. विमान किती आवाज करतं याचंही प्रमाणपत्र. रेडिओचा परवाना तर दोनदा: यंत्राचा वेगळा आणि त्यावर बोलणाऱ्याचा वेगळा. यातल्या बऱ्याच कागदांचं मूळ एका करारात आहे. 7 डिसेंबर 1944 रोजी, महायुद्ध अजून पेटलेलं असताना, 52 देशांनी शिकागोत त्यावर सह्या केल्या. त्याचं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक देशाची आपल्या डोक्यावरच्या आकाशावर पूर्ण सत्ता आहे. एकोणतिसावं कलम म्हणजे चक्क यादी: सीमा ओलांडणाऱ्या विमानात कोणकोणते कागद हवेत त्याची. छोट्या सेसनालाही ती लागू आणि चारशे माणसांच्या जंबोलाही.

वैमानिकाचा परवाना खिशात आहे, पण तो कुठं चालतो हे विमानाच्या अंगावरचं अक्षर ठरवतं. या सेसनाची नोंदणी ‘जी’पासून सुरू होते, म्हणजे विमान ब्रिटनचं. परवानाही ब्रिटनचा. जमलं. आता ल तुकेच्या गवतावर याच जातीचं, याच रंगाचं, पण ‘एफ’ अक्षराचं फ्रेंच विमान उभं असेल, तर आपल्या गड्याला नुसत्या ब्रिटिश परवान्यावर ते उडवता येणार नाही. 2020 संपेपर्यंत येत होतं. ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा, संक्रमणकाळ संपला आणि 1 जानेवारी 2021च्या सकाळी त्याच हातांची, त्याच डोळ्यांची किंमत खाडीच्या पलीकडे बदलली. कित्येकांनी मग खटपट करून दोन-दोन परवाने ठेवले. मला विचाराल तर या सगळ्या फाइलीत सुरक्षिततेशी सर्वांत कमी संबंध असलेला भाग हाच.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. रकाने भरणारं बोट.)

पुढचा कागद आता कागद राहिलेला नाही. त्याला सगळे ‘गार’ म्हणतात. जनरल एव्हिएशन रिपोर्ट. विमानात कोण बसलंय, पासपोर्ट नंबर काय, कुठून कुठं, किती वाजता, हे सगळं ऑनलाइन भरून ब्रिटनच्या सीमा अधिकाऱ्यांना पाठवायचं. एप्रिल 2024पासून नियम कडक झाला. उड्डाणाच्या 48 तास आधीपासून ते 2 तास आधीपर्यंतच हा अहवाल देता येतो. जातानाही आणि येतानाही. चुकलात तर दंड 10,000 पौंडांपर्यंत. ऐन वेळी मेहुणा म्हणाला, मीही येतो, तर मेहुण्याला आणखी दोन तास चहा पाजत बसवायचं.

मग फ्लाइट प्लॅन. देशातल्या देशात, मोकळ्या हवेत उडायला इंग्लंडमध्ये तो बहुधा लागत नाही. सीमा ओलांडायची तर लागतोच. आपल्याकडे तर देशांतर्गत प्रवासालाही वैमानिक उड्डाणाआधी एफआयसी आणि एडीसी असे दोन नंबर घेतो, पहिला उड्डाण-माहिती केंद्राचा, दुसरा हवाई संरक्षणाचा. त्यामुळे भारतीय वैमानिकाला इंग्लंडची ही ढील बघून नवलच वाटेल.

फ्लाइट प्लॅनला लोक परवानगी समजतात. खरं तर तो एक शब्द असतो: मी अमुक वेळी अमुक ठिकाणी पोहोचतो, नाही पोहोचलो तर मला शोधा. 28 मे 1987 रोजी माथियास रुस्ट नावाच्या जर्मन पोरानं हेलसिंकीहून स्टॉकहोमचा प्लॅन दिला आणि सेसना वळवलं थेट मॉस्कोकडे. रडारवरून तो दिसेनासा झाला तेव्हा फिन्लंडच्या लोकांनी दिलेला शब्द खरा मानून समुद्रात शोध सुरू केला. पाण्यावर तेलाचा तवंगही सापडला, आणि विमान बुडालं असंच वाटू लागलं. संध्याकाळी पोरगं लाल चौकाशेजारी विमान उभं करून लोकांशी गप्पा मारत होतं.

फाइलीच्या तळाशी आणखी एक पान आहे. त्यावर नुसती चित्रं. शेजारी लढाऊ विमान आलं तर काय करायचं, त्याची. ते बहुधा डावीकडे, जरा पुढे आणि वर येतं आणि पंख हलवतं. अर्थ: माझ्या मागे ये. तुम्हीही पंख हलवायचे. अर्थ: आलो. 1983मध्ये वाट चुकलेलं कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानानं पाडलं, 269 माणसं गेली. पुढच्याच वर्षी शिकागो करारात नवं कलम घालायचं ठरलं: हवेतल्या नागरी विमानावर शस्त्र चालवायचं नाही. सेसनातला गडी हे पान बहुतेक वेळा उघडतही नाही. पण असतं.

(दृश्य: खाली राखाडी पाणी, मालवाहू जहाजांची रांग. वैमानिकाच्या अंगावर लाइफ जॅकेट.)

अर्ध्या वाटेत लंडनचा कंट्रोलर निरोप देतो, पुढचा आवाज फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत येतो. खाली पाण्यावर रेघ वगैरे काही नाही.

फ्रान्समध्ये कुठंही उतरून चालत नाही. कस्टम्स असलेलाच विमानतळ हवा. ल तुके तसा आहे. 2023पासून त्याला राणी एलिझाबेथचं नाव दिलंय, म्हणजे इंग्लंडहून उडून पुन्हा राणीच्याच दारात. पासपोर्टची तपासणी. विमानावरचा व्हॅट भरल्याची पावती हाही प्रश्न येऊ शकतो, आणि वीस वर्षं जुन्या विमानाची पावती शोधणं म्हणजे आजोबांचं रेशनकार्ड शोधण्यासारखं.

तिसरा प्रश्न, आजाराचा, आपल्या ओळखीचा आहे. 1896मध्ये मुंबईत प्लेग आला. तो जहाजांवरून युरोपात उतरेल या धास्तीनं 1897मध्ये व्हेनिसला देशोदेशींची परिषद भरली. डोव्हरचा कारकून ब्लेरिओला विचारत होता त्यामागे अशीच भीती होती. विमानांच्या आंतरराष्ट्रीय जनरल डिक्लरेशन फॉर्ममध्ये आजही आरोग्याचा रकाना आहे.

(दृश्य: ल तुके, दुपार. विमानाच्या पंखाखाली सावली.)

जेवण झालं. बाजारातून त्यानं गाईच्या दुधाचं चीज घेतलं होतं, घरी न्यायला. मग आठवलं. जर्मनी, हंगेरी, स्लोव्हाकियात लाळ्या खुरकताचा रोग निघाला, आणि 12 एप्रिल 2025पासून ब्रिटननं युरोपातून खासगी सामानात गाय, मेंढी, बकरी, डुक्कर यांचं मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी घातली. कागदात गुंडाळलेलं, सीलबंद, कसलंही असो. लिडला उतरल्यावर कदाचित अधिकारी समोर उभा असेल, कदाचित कुणीच नसेल.

तो पंखाखाली बसतो. खिशातला चाकू काढतो. पाव उरलाय, पण पाव न्यायला हरकत नाही, म्हणून तो तसाच ठेवतो. चीज एकटंच खातो. परतीचा ‘गार’ साडेचारचा भरलाय, अजून वीस मिनिटं आहेत.