बुश मऊच हवा

(तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, कापूस वेचणीचे दिवस आहेत, घरोघरी कामाची घाई आहे, तरी तुम्ही आलात. म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

सोबत एक तुकडा आणलाय. पुढच्या रांगेतून मागेपर्यंत फिरू द्या. एका जुन्या आल्टोच्या लोअर आर्ममधून, म्हणजे पुढच्या चाकाला गाडीच्या चेसिसशी (सांगाड्याशी) जोडणाऱ्या खालच्या लोखंडी हातातून, परवाच काढलेला हा बुश. बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी, दोहोंच्या मधे काळं रबर. एका अंगाला नख घालून जरा उचकटा, भेग उघडेल. भेगेच्या तळाशी आतली नळी चमकते, दिसली का? रबर लोखंडाला धरून राहिलेलं नाही. ज्यांची ही गाडी, त्या काकांनी माझ्याकडे येण्याआधी दोन्ही पुढचे शॉकअप बदलून घेतले होते. आवाज तसाच. खर्च झाला तो झालाच.

ही गोष्ट आपल्या भागात फार होते. गाडी खड्ड्यातून गेली की खालून ‘टक’ वाजतं, मालक येऊन म्हणतो, “भाऊ, शॉकअप गेले वाटते.” शॉकअप गेला की गाडी डुलते, खड्ड्यानंतर दोन-तीनदा वर-खाली होत राहते. बुश गेला की गाडी डुलत नाही, ती भरकटते. ब्रेक मारला की एका अंगाला ओढते. रिव्हर्समधून पहिल्या गिअरवर घेताना एकदाच ‘टक’ होतं, मग शांत. टायर आतल्या कडेने खाल्ला जातो. ही लक्षणं असतील तर शॉकअपच्या पैशाला हात लावू नका. एकाला गाडीत बसवून एक फूट पुढे, एक फूट मागे घ्यायला सांगा, दर वेळी ब्रेक मारायला लावा आणि तुम्ही बाजूला उकिडवे बसून पुढचं चाक बघा. मडगार्डच्या पोकळीत चाक पुढे-मागे सरकताना डोळ्यांना दिसलं, तर बुश संपलाय. याला ना मशीन लागत, ना पैसा.

आता हा बुश करतो काय? आपल्याकडे समज असा की बंडीचं चाक आसावर फिरतं तसा बुश नळीवर फिरतो, म्हणून त्याला वंगण हवं. तसं नाही. आतली नळी बोल्टने चेसिसच्या पट्ट्यांमधे करकचून आवळलेली असते, ती हलतही नाही. बाहेरचं कडं आर्ममधे दाबून बसवलेलं, तेही हलत नाही. चाक वर-खाली झालं की मधलं रबर पिळतं आणि चाक जागेवर आलं की उलगडतं. ओला पंचा थोडा पिळून सोडावा तसं. फिरणं नाही, घासणं नाही, म्हणून वंगणाचं तिथे कामच नाही. उलट ग्रीस आणि तेल नैसर्गिक रबराचे वैरी आहेत. रबर तेल पितं, फुगतं, भुसभुशीत होतं. पावसाळ्याच्या तोंडावर गंज लागू नये म्हणून गाडीखाली जळकं ऑइल नाहीतर डिझेल मारून घ्यायची पद्धत आपल्याकडे आहे. पत्र्याला त्याने बरं वाटत असेल, पण प्रत्येक बुशवर ते बसतं. मारायचंच असेल तर बुशवर प्लास्टिकची पिशवी बांधून मारा. मी सांगतो ते कंटाळवाणं वाटेल, पण पाच मिनिटांचं काम आहे.

आपल्या मुलखातले रस्ते बुशची परीक्षा बघतात, ते का, हेही समजून घ्या. काळी कसदार माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ता मग लहरतो, कडा मोडतात. समोरून कापसाचा ट्रक आला की आपलं डावं चाक रस्त्याखाली उतरतं आणि परत चढतं. त्या चढण्याचा आडवा धक्का थेट लोअर आर्मच्या बुशवर जातो. पांदणीत तर श्रावणातला चिखल कार्तिकात वाळून दगड होतो, त्याच्या चाकोऱ्यांत गाडी अडकून चालते. वरून चंद्रपूर-वर्धा-नागपूरकडचं ऊन, मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे. रबर उन्हाने म्हातारं होतं. ढोबळ हिशोब असा धरतात की तापमान १० अंशांनी वाढलं की रबर कडक होण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. आणि मागच्या सीटवर युरियाच्या ४५ किलोच्या चार-चार गोण्या टाकून आपण गाडी शेतावर नेतो, ते वेगळंच.

जुन्या छोट्या गाड्यांची एक खास गोष्ट सांगतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे अजून मारुती ८०० आहे. ती १९८३ साली आली, २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं, तरी आपल्या गावांत अजून पळते. त्या गाडीत आणि पहिल्या आल्टोत पुढचा स्टॅबिलायझर बार, म्हणजे डाव्या-उजव्या आर्मला जोडणारा वाकवलेला लोखंडी दांडा, दोन कामं करतो. एक, वळणावर गाडी कलू न देणं. दुसरं, लोअर आर्मला पुढे-मागे धरून ठेवणं. म्हणजे त्या बारच्या टोकाचे बुश हे नुसते आवाज दाबणारे बुश नाहीत. ब्रेक मारल्यावर चाक मागे जाऊ नये म्हणून धरणारा हात तोच आहे. कितीतरी ठिकाणी मी बघतो, आर्मचा बुश नवा घातलेला आणि बारच्या टोकाला मात्र जुनं, चपटं झालेलं रबर तसंच. मग गाडी ओढते आणि मालक म्हणतो, नवीन बुशच खराब निघाला. त्या गाड्यांत आर्मचा बुश, टोकाचे बुश आणि चेसिसवरच्या क्लॅम्पचे बुश एकदमच बदला, दोन्ही अंगांचे. एका अंगाचा नवा आणि दुसऱ्याचा जुना ठेवला तर ब्रेकला दोन चाकं दोन वेगळ्या प्रमाणात मागे सरतात.

आता निवडीवर येतो, ज्यासाठी तुम्ही आलात.

पोरं विचारतात, “दादा, लाल नाहीतर पिवळे पॉलीयुरेथेनचे बुश टाकू का? ते रबरापेक्षा मजबूत असतात म्हणे.” खरं आहे. पॉलीयुरेथेन म्हणजे कारखान्यात बनवलेलं, रबरासारखं पण कडक प्लास्टिक. झिजायला ते बुश चिवट आहेत, तेलाला रबराएवढे भीत नाहीत. साध्या रबराची कडकपणाची मोजणी शोअर ‘ए’ मापावर साधारण ५५ ते ७० असते, पॉलीयुरेथेनची ८० ते ९५. रेसच्या गाडीला ते लागतं, कारण तिथे रस्ता सपाट आणि स्टिअरिंगचा हुकूम लगेच पाळला जाणं महत्त्वाचं. पण आपली गाडी राळेगावहून वर्ध्याला आजीला दवाखान्यात नेणारी गाडी आहे. बुश मऊ आहे म्हणून खड्ड्याचा धक्का आधी रबरात जिरतो, मग चेसिसपर्यंत थोडा पोचतो. रबर कडक केलं म्हणून धक्का नाहीसा होत नाही, तो पुढे सरकतो. पुढे काय आहे? वीस वर्षांची, पावसाने आतून पातळ झालेली पत्र्याची जोडणी. मी आर्मच्या पट्टीजवळ तडा गेलेल्या चेसिस बघितल्यात. बुश स्वस्तात मिळतो, चेसिस मिळत नाही.

आणखी एक. बहुतेक पॉलीयुरेथेनचा बुश लोखंडाला चिकटवलेला नसतो, तो नळीवर खरोखर फिरतो. म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं आणि आपल्या धुळीत ते ग्रीस लवकर संपतं. मग चालत्या गाडीतून झोपाळ्याच्या कड्यांसारखी कुरकुर सुरू होते. आणि मारुती ८०० किंवा आल्टोच्या मागच्या ॲक्सलला तर ते बिलकूल घालू नका. तिथे सबंध ॲक्सल लांब आर्मांवर आणि एका आडव्या दांड्यावर धरलेला आहे. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं उंचवट्यावर गेलं की त्या आर्मांना वर-खालीच नाही, तिरकंही पिळावं लागतं. मऊ रबर ते करू देतं. कडक बुश अडतो, मग मागची गाडी लाकडासारखी चालते आणि सगळा ताण आर्मवर नाहीतर बोल्टवर येतो. स्टॅबिलायझरच्या चेसिसवरच्या क्लॅम्पला पॉलीयुरेथेन चालेल, तिथे मुख्यतः फिरणंच आहे. बाकी ठिकाणी चांगलं रबर.

चांगलं रबर म्हणजे नैसर्गिक रबर, हे मी हट्टाने सांगतो. आपल्या देशात ते मुख्यतः केरळातून येतं. चार्ल्स गुडइयरने १८४४ साली रबर आणि गंधक तापवून टिकाऊ करण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं, आजही बुश मुळात त्याच रीतीने बनतो. या रबराचा गुण असा की जोरात ताणलं की त्याचे आतले धागे एका ओळीत येऊन घट्ट होतात, त्यामुळे भेग सुरू झाली तरी ती लगेच पुढे पळत नाही. रोज हजारो वेळा पिळ सोसायचा असेल तर हाच गुण लागतो.

पण दुकानात काउंटरवर रबर ओळखायचं कसं? रंग बघून नाही, नख रुतवूनही नाही. मी तीन गोष्टी बघतो. पाकिटावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते आधी. बंद झालेल्या गाडीचा माल दहा-दहा वर्षं फळीवर पडलेला असतो आणि टिनाच्या छपराखाली रबर पाकिटातही म्हातारं होतं. दोन-तीन वर्षांच्या आतलं असेल तरच घ्या. मग रबर आणि नळी जिथे जुळतात ती रेघ बघा, सगळीकडे एकसारखी, कुठे फट नको. शेवटी नळी दोन बोटांनी वाकवून सोडा. ती जागेवर परत यायला हवी आणि आतून करकर ऐकू यायला नको. कंपनीचा सुटा भाग मिळत असेल तर तोच. नसेल मिळत, तर नव्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांना जो माल पुरवतो त्याचाच बाजारातला माल घ्या. पाकीट चकचकीत आणि किंमत निम्मी असेल तर हात मागे घ्या.

बुशच घ्यायचा की सबंध आर्म? जवळ हायड्रॉलिक प्रेस असलेला मेकॅनिक असेल आणि आर्म सरळ, न गंजलेला असेल, तर नुसता बुश घ्या. पण आपल्या गावांत प्रेस नसते. जुना बुश छिन्नीने फोडून काढतात, नवा हातोड्याने ठोकून बसवतात. त्या ठोकण्यात आर्मचं भोक लंबगोल होतं, मग नवा बुश सहा महिन्यांत सैल. अशा ठिकाणी सबंध आर्म घेणंच शहाणपणाचं, आर्मला चाकाशी जोडणारा गोळ्याचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंटही नवा मिळतो. काही गाड्यांच्या बुशमधे आरपार पोकळ्या असतात. त्या कोणत्या दिशेला होत्या याची जुन्या आर्मवर खडूने खूण करा, नवा त्याच दिशेला दाबा. उलटा बसला तर जिथे मऊ हवा तिथे कडक होतो.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती आजही अनेक गॅरेजांत होते. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका गुरुजींच्या ८०० ला मी दोन्ही अंगांचे बुश घातले. चांगला माल, प्रेसने बसवलेला. चार महिन्यांत गुरुजी परत. “भाऊ, पुन्हा वाजून रायली.” उघडून बघतो तर दोन्ही बुश एकाच जागी, एकाच बाजूने फाटलेले. मालाला दोष द्यायला मी दुकानदाराकडे निघालो होतो. मग त्या दोन फाटलेल्या बुशांकडे बघत बसलो. दोन्ही सारखेच फाटले, म्हणजे दोष मालात नाही, माझ्या हातात आहे. मी गाडी घोडीवर उचललेली असताना, चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट आवळले होते. लोंबकळत्या चाकाला आर्म खाली झुकलेला असतो. तेव्हा नळी आवळली की रबराची विश्रांतीची जागा तीच ठरते. गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो आणि रबर त्या क्षणापासून पिळलेलंच राहतं, उभ्या गाडीतसुद्धा. वरून रस्त्याचा पिळ. ते किती दिवस टिकणार? मी नवे बुश माझ्या पैशाने आणले, घातले, बोल्ट हाताने लावून गाडी खाली उतरवली, दोघांना आत बसवलं, गाडी चारदा दाबून सोडली आणि गाडीखालच्या गॅरेजच्या खड्ड्यात उतरून मग बोल्ट आवळले. ती गाडी पुढे सात वर्षं त्याच बुशवर चालली.

(इथे श्रोत्यांमधून एका शेतकरी बंधूंनी विचारलं : “माझी २००६ ची आल्टो आहे. डावीकडे ओढते. उद्या यवतमाळला चाललो, तर काय काय घेऊन येऊ?”)

आधी टायरची हवा बघा दादा, दोन्हीकडे सारखी करा. तरी ओढत असेल तर मघाशी सांगितलं तसं चाक सरकतं का ते बघा. सरकत असेल तर दोन्ही अंगांचे आर्म किंवा आर्मचे बुश, स्टॅबिलायझरच्या टोकाचे सगळे बुश त्यांच्या वायसरांसकट आणि क्लॅम्पचे दोन. आर्मचे नट-बोल्ट गंजले असतील तर तेही नवे. पाकिटावरचं वर्ष वाचून घ्या. क्लॅम्पचा बुश चढत नसला तर साबणाचं पाणी लावायला सांगा, ग्रीस नको. मेकॅनिकला म्हणा, शेवटचे बोल्ट गाडी जमिनीवर असताना आवळ, मी बघतो. तो थोडा वैतागेल, वैतागू द्या. आणि येताना अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवून घेणं, करूनच गाडी घरी आणा, नाहीतर नवे बुश घालूनही टायर जातील.