आकाशाचं वेळापत्रक: मेक्सिकोतल्या एल पेन्योनवरून

मंडळी, नमस्कार. फलकावर ‘मेक्सिकोतलं पॅराग्लायडिंग’ हा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की आता कड्यावरून उड्या मारायचे व्हिडिओ दाखवणार. व्हिडिओ आणलेले नाहीत, आणि पॅराग्लायडिंगमध्ये उडी मारतही नाहीत. उतारावर आधी विंग, म्हणजे हवेने फुगणारा कापडी पंख, डोक्यावर उभी करायची, ती दोन्ही टोकांपर्यंत नीट भरलीय का हे मान वर करून बघायचं, दोऱ्यांत गुंता नाही याची खात्री करायची आणि मग पळायचं. विंगला वजन पेललं की पाय जमिनीवरून आपसूक सुटतात. उडी मारणाऱ्याला प्रशिक्षक पहिल्याच दिवशी झापतो, कारण उडी मारली की दोऱ्या क्षणभर सैल पडतात आणि विंगवरचा भारच जातो.

मला आज बोलायचंय ते पाय सुटल्यानंतरच्या चार-पाच तासांबद्दल. साधारण बऱ्या विंगचा हिशोब असा, की एक मीटर खाली येताना ती नऊ-दहा मीटर पुढे जाते. इंजिन नाही. म्हणजे पाचशे मीटर उंचीवरून निघालात तर शांत हवेत पाच किलोमीटरवर जमीन आलीच. तरीही दर जानेवारीत जगभरातले पायलट व्हाये दे ब्राव्होला येतात आणि शंभर-शंभर किलोमीटर फिरून संध्याकाळी गावात जेवायला हजर असतात. हे कसं जमतं ते सांगतो.

मेक्सिको सिटीहून पश्चिमेला दीडेकशे किलोमीटरवर हे गाव. १५३० साली फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी वसवलेलं. पांढऱ्या भिंती, तांबूस कौलं, लाकडी सज्जे, दगडी फरसबंदीचे चढउतार, मध्ये चौक आणि चर्च. २००५ पासून सरकारच्या ‘पुएब्लो माहिको’ यादीत आहे, म्हणजे जुनं रूप टिकवलेलं पर्यटनाचं गाव. शनिवार-रविवारी राजधानीतले पैसेवाले आपापल्या बंगल्यांवर येतात आणि चौकात गाडी लावायला जागा मिळत नाही. लोणावळा ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. गाव वसलंय सुमारे १८०० मीटरवर. तिथून गाडीने पाऊणेक तासावर, तेमास्काल्तेपेकच्या बाजूला, एल पेन्योन नावाचा उघडा कडा आहे, साधारण २३०० मीटर. लॉन्च, म्हणजे उड्डाणाची जागा, तिथे.

आता नकाशातली एक गंमत. व्हाये दे ब्राव्होचा अक्षांश १९.२ उत्तर. आपल्या ठाण्याचाही तोच. कामशेत त्याच्या जरा खाली. म्हणजे जानेवारीत दुपारी बारा वाजता दोन्हीकडे सूर्य जवळजवळ तितकाच वर असतो. मग कामशेतला टॉवर हिलवर आपण संध्याकाळी टेकडीला चिकटून मागेपुढे फेऱ्या मारतो, आणि तिकडे लोक ढगाला टेकतात, असं का? कारण आपल्याला समुद्र जवळ आहे. कोकणातून आलेला दमट खारा वारा दुपारनंतर घाट चढून येतो, एकसारखा वाहतो, टेकडीवर आपटून वर वळतो. शिकायला याच्यासारखी हवा नाही, आणि हे मी कामशेतला शिकलो म्हणून म्हणत नाही. पण हीच समुद्राची हवा थर्मलला, म्हणजे जमिनीवर तापून वर चढणाऱ्या हवेला, डोकं वर काढू देत नाही. व्हाये दे ब्राव्हो मेक्सिकोच्या ज्वालामुखींच्या पट्ट्यात, पठाराच्या कडेला आहे. पूर्वेला तोलुकाचा ज्वालामुखी ४६८० मीटरचा. नोव्हेंबर ते मार्च पाऊस जवळजवळ नाही, शेतं वाळलेली, हवा कोरडी. ऊन जमिनीवर पडतं ते ओल सुकवण्यात खर्च होत नाही, थेट माती आणि खडक तापवतं.

चुलीवर पातेल्यात पाणी ठेवलं की बुडबुडे तळाच्या ठरावीक ठिकाणांहूनच सुटतात, बघा. थर्मलचंही तसंच. तापलेली हवा जमिनीला चिकटून साचते आणि एखाद्या कंगोऱ्यावर, झाडीच्या कडेला, नांगरलेल्या शेताच्या बांधावर सुटी होऊन वर निघते. वर जाताना दर शंभर मीटरला सुमारे एक अंश थंड होते. आजूबाजूची हवा तिच्याहून थंड आहे तोवर ती चढत राहते. कुठवर चढेल याचा एक सोपा हिशोब पायलट लॉन्चवरच मनात करतात. समजा खाली २००० मीटरवर तापमान २२ अंश आणि दवबिंदू ८ अंश. फरक १४. त्याला सव्वाशेने गुणा: १७५०. म्हणजे ढगाचा तळ सुमारे ३७५० मीटरवर, आणि तिथे तापमान साडेचार अंश. खाली टी-शर्टवर घामाघूम झालेला माणूस लॉन्चवर जाकीट आणि जाड हातमोजे का चढवतोय, हे त्या आकड्यातून कळतं.

तर एल पेन्योनवरचा जानेवारीतला दिवस असा. दहापर्यंत गाड्या वर येतात. टपावर बांधलेल्या बॅगा उतरतात, कुणी कॉफी ओततं, कुणी विंग पसरून ठेवतं, आणि मग सगळे नुसते बसून राहतात. नवख्याला हे अजिबात सोसत नाही. हवा स्वच्छ, वारा मंद, कडा समोर, आणि पन्नास माणसं गप्पा मारतायत! ते गिधाडांची वाट बघत असतात. तिथे काळी गिधाडं आणि लाल डोक्याची टर्की गिधाडं, अशी दोन्ही दिसतात. पहिलं गिधाड कड्यासमोर पंख न हलवता दोन वळणं घेऊन वर आलं, की चार-पाच अनुभवी माणसं न बोलता उठून हेल्मेट घालतात. आदल्या दिवशी साडेअकराला सुरू झालं असेल तर आजही तिथेच कुठेतरी सुरू होतं, दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे.

उड्डाणाची एक बारीक गोष्ट सांगतो. २३०० मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा वीसेक टक्के विरळ असते, त्यामुळे तीच विंग तेच वजन पेलायला साधारण बारा टक्के जास्त वेग मागते. आपल्याकडची मुलं टेकडीवर समोरून वारा घेऊन तीन पावलांत हवेत जायला सरावलेली. ती तिथे चौथ्या पावलाला हार्नेसमध्ये, म्हणजे विंगला टांगलेल्या पट्ट्यांच्या बैठकीत, बसायला जातात आणि बुडावर घसरत कड्याच्या टोकापर्यंत पोहोचतात. पाय हवेत गेल्यावरही पळत राहायचं, एवढंच त्यावर औषध.

पाय सुटले की कड्यासमोरच पहिलं थर्मल. व्हेरिओ नावाचं छोटं यंत्र हार्नेसवर लावलेलं असतं. वर जायला लागलात की ते टूं-टूं करतं, चढ जितका जोरात तितकं घाईघाईने. एका बाजूची विंग जरा उचलली गेली की त्या बाजूला वजन टाकायचं, त्या बाजूची ब्रेकची दोरी ओढायची आणि गोल फिरायला लागायचं. आणि सगळ्यांनी एकाच दिशेने. त्या थर्मलमध्ये पहिला आला त्याने डावीकडे वळण घेतलं असेल तर मागून येणाऱ्या प्रत्येकाने डावीकडेच. मला हा नियम फार आवडतो. आपल्या चौकातल्या वाहतुकीला लागू झाला तर काय बहार येईल.

साडेतीन हजारांच्या आसपास पोहोचलात की खरा प्रश्न येतो: आता जायचं कुठे? इथे तिथल्या पायलटांनी अनेक वर्षांत जमवलेली माहिती कामी येते. या आकाशात ठिकाणांना नावं आहेत. ‘वॉल’ आहे, ‘मागेय’ आहे, ‘क्रेझी’ आहे. नावं जमिनीवरच्या कड्यांची, टेकड्यांची. पण पायलट बोलतात ते त्यांच्या डोक्यावरच्या हवेबद्दल. ‘बाराच्या आधी मागेयवर जाऊ नकोस, ते उशिरा उठतं’, अशा भाषेत. थर्मल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माणूस जमीन वाचतो. ऊन कुठल्या उतारावर तासभर सरळ पडतंय, खडक कुठे उघडा आहे, पाइनचं जंगल कुठे संपतं आणि शेत कुठे सुरू होतं. उत्तम पायलटाच्या शेजारी उडताना लक्षात येतं की तो वर फारच कमी बघतो. ढग बघतो, पण ढग म्हणजे मागच्या काही मिनिटांची बातमी. पुढच्या दहा मिनिटांची बातमी खाली असते.

आणि हातातलं थर्मल सोडावं लागतं, हे सगळ्यात अवघड. व्हेरिओ वाजतोय, आपण चढतोय, आणि तरी ढगाच्या तळाच्या बरंच आधी निघायचं. मोठ्या ढगाखालची हवा वर ओढते. ढगात शिरलात तर वर-खाली काहीच कळत नाही, आणि त्याच ढगाखाली आणखी वीस जण आहेत.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठीवर विचारलंय, ‘हे सुरक्षित आहे का?’ स्पष्ट सांगतो: दुपारी बारा ते तीन एल पेन्योनची हवा अंगावर येते. इतकी जोराची थर्मल असली की त्यांच्या कडेला तितक्याच जोरात खाली जाणारी हवा असते, आणि त्या सीमेवर विंगचा अर्धा भाग क्षणात मिटू शकतो. उंची असेल तर विंग बहुधा आपली आपण उघडते. नसेल तर रिझर्व्ह पॅराशूट. कड्याखाली ‘पिआनो’ नावाचं लँडिंगचं मैदान आहे. भर दुपारी तिथे धुळीच्या वावटळी उठतात, आणि जमिनीपासून पन्नास मीटरवर असताना वावटळीत सापडणं याच्याइतकं वाईट काही नाही. २००९ च्या सुरुवातीला पॅराग्लायडिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा याच ठिकाणी झाली. स्वित्झर्लंडचा अँडी एबी जिंकला. त्याच स्पर्धेत चिलीचा एक पायलट दगावला. जगातले निवडक पायलट, हवेचा अंदाज सांगणारी माणसं, तयार बचाव पथक, हे सगळं असताना. स्पर्धेबद्दल बोलताना लोक विजेत्याचं नाव घेतात आणि थांबतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तीननंतर हवा मऊ व्हायला लागते. मग पायलट उत्तरेला गावाकडे वळतात, सरळ रेषेत चौदा-पंधरा किलोमीटर. शेवटची टेकडी ओलांडली की समोर तळं येतं. पाण्यावरून थर्मल मिळत नाही. तिथे पोहोचलात म्हणजे मुक्काम आला. काठावर उतरायचं, विंगची घडी घालायची. गावातली पोरं तिथेच घुटमळत असतात. चार पेसो मिळतात म्हणून ती घडी घालून देतात, आणि माझ्यापेक्षा नीट घालतात.

त्या तळ्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. ते नैसर्गिक नाही, धरणाचं आहे. १९४० च्या दशकात जलविद्युत प्रकल्पासाठी खोऱ्यातली सुपीक शेती पाण्याखाली घातली. पुढे ते कुत्सामाला योजनेत घेतलं गेलं, आणि आता इथलं पाणी हजारएक मीटर वर उपसून राजधानीकडे नेलं जातं. मेक्सिको सिटीच्या पाण्याचा चौथाई भाग तरी या योजनेतून येतो. २०२४ च्या दुष्काळात साठा एक तृतीयांशाच्याही खाली गेला. होड्यांचे धक्के चिखलात उभे राहिले आणि उतरायला किनारा भलताच रुंद झाला. पायलटांना त्याची सोय वाटली असेल, गावाला नाही. आपल्याकडे पवनेच्या काठावर उतरणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तीही धरणाखाली गेलेल्या जमिनींचीच गोष्ट.

एका प्रवाशाची ओळख राहिली. मोनार्क फुलपाखरू. वजन अर्धा ग्रॅम. कॅनडा आणि अमेरिकेतून हजारो किलोमीटर येऊन नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मेक्सिकोत मृतांचा सण चालू असतानाच, या भागातल्या ओयामेल फर नावाच्या सूचिपर्णी झाडांच्या जंगलांत उतरतं आणि मार्चमध्ये परत निघतं. ती हिवाळ्यात नेमकी कुठे जातात हे बाहेरच्या शास्त्रज्ञांना कळलं १९७५ च्या जानेवारीत. डोंगरातल्या गावकऱ्यांना अर्थात आधीपासून ठाऊक होतं. व्हायेपासून जवळचं ठिकाण पिएद्रा एर्रादा. ही फुलपाखरं तिथला रस्ता ओलांडतात तेव्हा गाड्यांना वेग कमी करायला लावतात. एवढं अंतर पंख फडफडवत कापलं तर अंगातली चरबी पुरणारच नाही. डेव्हिड गिबो नावाच्या कॅनडातल्या प्राणिशास्त्रज्ञाने १९७९ साली त्यावर लिहिलं. हा माणूस स्वतः ग्लायडर चालवायचा, म्हणून त्याला नेमकं काय बघायचं ते कळलं: मोनार्क थर्मलमध्ये गोल फिरत वर जातं आणि मग पंख पसरून पुढच्या थर्मलपर्यंत घसरत जातं. ग्लायडरच्या पायलटांनी ती ११,००० फुटांच्या आसपास पाहिलेली आहेत. व्हायेला दरवर्षी होणाऱ्या पॅराग्लायडिंग स्पर्धेचं नावच ‘मोनार्का’. २०२३-२४ च्या हिवाळ्यात मेक्सिकोतल्या सगळ्या वसाहतींनी मिळून जेमतेम ०.९० हेक्टर जंगल व्यापलं होतं. पुढच्या वर्षी ते १.७९ हेक्टर झालं, म्हणजे साडेचार एकरही नाही.

आता, ‘आम्हाला जायचंय’ म्हणणाऱ्यांसाठी. उडता येत नसेल तर टँडम, म्हणजे अनुभवी पायलटासोबतचं दोघांचं उड्डाण, घ्या, पण सकाळचं पहिलं नाहीतर संध्याकाळी गावावरच्या ‘ला तोर्रे’ लॉन्चचं. दुपारी एकचं कुणी गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा, उलटी होईल आणि पैसे जातील. उडता येत असेल तर आधी हिमाचलातल्या बीड-बिलिंगला थर्मलमध्ये नीट हात बसू द्या, तिथला लॉन्चही २४०० मीटरवर आहे. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. विमा काढा, त्यात पॅराग्लायडिंग धरलंय का ते बारीक अक्षरात वाचा. आणि पहिले दोन दिवस स्थानिक वाटाड्यासोबतच उडा. कुठला कडा किती वाजता उठतो, हे तो रेडिओवर सांगत राहील.