अकरा ते तीन : रिकाम्या जागेची लढत

(दृश्य : विटा शहर, सकाळ. गाड्यांचा ताफा, ढोल-ताशा.)

३१ जानेवारी २०२४ ला खानापूरचे आमदार अनिल बाबर यांचं निधन झालं. टेंभू सिंचन योजनेच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा माणूस गेला. विटा, आटपाडी आणि विसापूर सर्कलमध्ये प्रश्न सुरू झाला : पोटनिवडणूक लागणार का?

ती लागली नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ प्रमाणे रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी लागते. पण सभागृहाची मुदत वर्षभरापेक्षा कमी उरली असेल, तर ही सक्ती राहत नाही. विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ ला संपत होती, त्यामुळे खानापूरची जागा सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत तशीच राहिली. याच सांगली जिल्ह्यात तासगाव-कवठेमहांकाळचे आमदार आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ ला वारले, तेव्हा तिथे ११ एप्रिललाच मतदान झालं होतं.

आमदार पुन्हा उभा राहणार असला की पक्षातले बाकीचे इच्छुक दबून असतात. जागा मोकळी झाली की प्रत्येक गटाला आपला नंबर दिसू लागतो. त्यातला कोण मतपत्रिकेपर्यंत पोहोचणार, हे ठरतं निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात, सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेत.

(दृश्य : कार्यालयाचं फाटक, बंदोबस्त.)

ताफा कितीही मोठा असो, कार्यालयापासून १०० मीटरच्या आत तीनच गाड्या येतात. दालनात उमेदवार आणि त्याच्यासोबत चार माणसं.

टेबलावर ठेवायचा अर्ज म्हणजे नमुना २-ब. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवून सही करणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात. हे सगळे त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. अपक्षांचे अर्ज इथेच जास्त अडकतात. एखादा सूचक गावात राहतो, सगळे त्याला ओळखतात, पण त्याचं नाव शेजारच्या मतदारसंघाच्या यादीत असतं. मग दहाचे नऊ होतात आणि अर्ज जातो. म्हणून सही घेण्याआधी यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या मतदारयादीत बोट ठेवून तपासायचा, नुसत्या ओळखपत्रावर भागत नाही.

अनामत १० हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार. एका मतदारसंघात अर्जाचे चार संच भरता येतात, अनामत मात्र एकदाच. जाणकार कार्यकर्ते याचा नीट उपयोग करतात : एक संच पक्षाच्या नावाने, दुसरा दहा सूचकांच्या सह्यांनी. कारण एबी फॉर्म, म्हणजे हा आपला अधिकृत उमेदवार असं सांगणारा पक्षाचा कागद. तो शेवटच्या दिवशी तीनच्या आत, शाईच्या मूळ सहीचा पोहोचावा लागतो. झेरॉक्स किंवा सहीचा शिक्का चालत नाही. फॉर्म मुंबईहून निघाला आणि वाटेत अडकला, तर एक सूचकाचा संच बाद होतो. दहा सूचकांचा संच असेल तर माणूस निदान अपक्ष म्हणून उरतो.

त्यानंतर नमुना २६ चं शपथपत्र : मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालापासून यातला रकाना कोरा ठेवता येत नाही. माहिती नसेल तर 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहावं लागतं. अधिकाऱ्याने नोटीस देऊनही रकाना कोराच राहिला, तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. निवडणूक खर्चाचं स्वतंत्र बँक खातं अर्जाच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं हवं. आणि राज्यघटनेशी निष्ठेची शपथ! अर्ज दिल्यानंतर, पण छाननीचा दिवस उजाडायच्या आत ती घ्यावी लागते. छाननीच्या सकाळी घेतलेली शपथ उपयोगाची नाही.

२०२४ ला अर्जांची मुदत २२ ते २९ ऑक्टोबर होती. २४ तारखेच्या गुरुपुष्यावर अनेकांनी मुहूर्त साधला. मुहूर्त ज्याचा त्याने बघावा, पण लवकर भरलेल्या अर्जातली चूक दुरुस्त करायला दिवस हाताशी राहतात, हा त्याचा खरा फायदा.

(दृश्य : छाननी. समोरासमोर बसलेले वकील.)

छाननीत नावातली किरकोळ चूक धरून अर्ज बाद करता येत नाही, दोष मूलभूत असावा लागतो. वयही याच दिवशी मोजतात, २५ पूर्ण हवं. तासगाव-कवठेमहांकाळमधून रोहित पाटील २०२४ ला त्याच वयाचे असताना निवडून आले.

पुढे माघारीची वेळ. त्या वर्षी अंतिम मुदत ४ नोव्हेंबर, दुपारी तीन. मधे दिवाळी. फराळाच्या निमित्ताने बंडखोरांच्या घरी नेत्यांच्या फेऱ्या होतात, कारखाना, बँक, जिल्हा परिषद यांतले शब्द दिले जातात. माघारीचा कागद उमेदवार, त्याचा सूचक किंवा निवडणूक प्रतिनिधी देऊ शकतो, पण शेवटच्या दोघांकडे उमेदवाराचं लेखी अधिकारपत्र हवं. दिलेली माघार परत घेता येत नाही.

माघारीतून काय होऊ शकतं, ते पलूस-कडेगावने पाहिलं. तिथले आमदार पतंगराव कदम यांच्या निधनानंतर २८ मे २०१८ ला पोटनिवडणूक होती. बाकी सगळ्यांनी अर्ज मागे घेतले आणि विश्वजित कदम बिनविरोध आले. दिवंगत नेत्याविषयीचा आदर समजतो. तरीही लाखो मतदारांना एकदा बूथवर जाण्याची संधी मिळायला हवी होती. एकच उमेदवार उरला की मतदान यंत्र येतच नाही, त्यामुळे 'नोटा'चंही, म्हणजे 'यांपैकी कुणीही नको'चंही, बटण नसतं. पुढच्याच वर्षी, २०१९ ला, विश्वजित कदम मोठ्या फरकाने जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावर 'नोटा' होती, २०,६३१ मतांसह.

(दृश्य : चिन्हवाटप. भिंतीवर मुक्त, म्हणजे कुठल्या पक्षासाठी राखीव नसलेल्या, चिन्हांचा तक्ता.)

माघार संपली की चिन्हं. मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, शेवटी अपक्ष. प्रत्येक गटात नावं वर्णानुक्रमे. एका यंत्रावर १६ बटणं, म्हणजे १५ उमेदवार आणि 'नोटा'. सोळावा उमेदवार उरला की प्रत्येक बूथवर दुसरं यंत्र जोडावं लागतं. नामसाधर्म्याचे उमेदवार उभे राहतात म्हणून २०१५ पासून मतपत्रिकेवर फोटोही असतो.

फोटोने सगळं सुटत नाही. सातारा लोकसभेला २०२४ मध्ये शशिकांत शिंदे यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस होतं आणि एका अपक्षाला तुतारीसारखीच दिसणारी पिपाणी मिळाली होती. शिंदे ३२,७७१ मतांनी पडले, पिपाणीला ३७,०६२ मतं होती. ती सगळी चुकूनच पडली असं कुणी सिद्ध करू शकत नाही, पण आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत.

म्हणून चिन्हवाटपाला उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने हजर राहावं, इतरांना मिळालेली चिन्हं त्याच दिवशी तपासावीत आणि नमुना मतपत्रिका लगेच छापायला टाकावी. तिच्यात फक्त आपलं नाव, चिन्ह आणि अनुक्रमांक असावा, दुसऱ्या उमेदवाराचं नाव चालत नाही. कागदाचा रंग आणि आकार खऱ्या मतपत्रिकेपेक्षा वेगळा ठेवावा. छपाईचं बिल ४० लाखांच्या खर्चमर्यादेत धरलं जातं. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं छापलेली नसतील, तर भरारी पथक गठ्ठा तिथल्या तिथे जप्त करू शकतं.