पुराचा फोटो, पण कुठल्या दिवसाचा?

[दृश्य : आयर्विन पूल, दगडी कमानी, खाली संथ कृष्णा]

पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना विचारतात, "आयर्विनला किती फूट?" १९२९ सालचा हा पूल. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

तेव्हा प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा होता. गच्चीवरून, बोटीतून, पुलावरून लोकांनी फोटो काढले. आज ते हजारोंनी आहेत. पण त्यातला कुठला कधीचा, हे विचारा.

[दृश्य : पेठेतला फोटो स्टुडिओ. भिंतीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ]

हा फोटो मारुती चौकाचा. पाणी दुकानांच्या पाट्यांना टेकलंय. पण ते चढतंय की उतरतंय? संगणक म्हणतो, २०२१. ही तारीख पुराची नाही, फोटो उजळ करून पुन्हा सेव्ह केला त्या दिवसाची.

कॅमेरा चित्रासोबत बरंच काही लिहून ठेवतो : कुठल्या मिनिटाला बटण दाबलं, लेन्स कुठली, शटर किती. मोबाइल असेल आणि लोकेशन चालू असेल, तर अक्षांश-रेखांशही. ही माहिती फाइलच्या पोटातच असते. तिला एक्झिफ म्हणतात. फोटो एडिट करून वेबसाठी सेव्ह केला की ती बऱ्याचदा गळते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला, तर जातेच. फाइलच्या नावात तारीख दिसते, पण ती तुमच्याकडे फोटो आला त्या दिवसाची.

[दृश्य : संगणकाचा पडदा, काळी खिडकी]

स्टुडिओवाल्यांनी एक शहाणपण केलं होतं. मूळ रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातून जशाच्या तशा आलेल्या, पुसल्या नव्हत्या. त्यामुळे हरवलेली तारीख घरातच होती. फक्त एका फाइलमधून दुसरीत न्यायची.

त्यासाठी ते वापरतात एक्झिफटूल. कॅनडातल्या फिल हार्वे यांनी लिहिलेलं, फुकट मिळणारं. ना बटणं, ना रंगीत चित्रं. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची. 'टॅग्ज फ्रॉम फाइल' म्हणायचं, लगेच मूळ फाइलचं नाव द्यायचं आणि शेवटी ज्या फोटोत माहिती चढवायची त्याचं. हा क्रम उलटला, तर माहितीही उलटी वाहते.

एंटर. पडद्यावर एक ओळ : एक फाइल अद्ययावत झाली. आता तारखेचा रकाना बघा.

[दृश्य : पडदा अगदी जवळून — २०१९:०८:०८ ०७:४२:१६]

८ ऑगस्ट, सकाळी पावणेआठच्या सुमाराला. चित्राच्या एका ठिपक्यालाही हात लागलेला नाही. शिवाय जुनी फाइल बाजूला जपलेली असते, नावाच्या शेवटी 'ओरिजिनल' लावून.

[दृश्य : उभा फोटो आडवा पडतो. स्टुडिओवाले हसतात]

हे मात्र नेहमीचं. कॅमेरा उभा धरला तरी चित्र आडवंच साठवलं जातं आणि सोबत एक सूचना असते : दाखवताना वळवा. एडिट करताना फोटो सरळ केलेला असतो. माहितीबरोबर ती जुनी सूचनाही चढली, की सरळ फोटो पुन्हा वळतो. म्हणून आज्ञेत सांगायचं, ओरिएंटेशन, म्हणजे ही वळवायची सूचना, सोडून बाकी सगळं आण.

दोन्हीकडे फाइलचं नाव तेच असेल, तर अख्खं फोल्डर एका आज्ञेत होतं. नाव बदललं असेल, तर बसा जुळवत. फोल्डरला 'फायनल', 'फायनल नवीन' अशी नावं देणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

स्टुडिओच्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही. पण आयर्विन पुलावरून कॅमेऱ्याने फोटो काढला, तेव्हा तिथूनच त्यांनी मोबाइलवरही एक घेतला होता. त्यातलं फक्त ठिकाण उचलून कॅमेऱ्याच्या फोटोत टाकलं. जागा तीच आहे, तोवर हे चालतं. तारीख मात्र शेजारच्या फोटोची कधीच लावू नये. ती ज्याची त्याच्याच मूळ फाइलमधून यायला हवी. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल, तर ती चूकही इमानेइतबारे कॉपी होते. मग मोबाइलची वेळ ताडून सगळ्या फोटोंची वेळ पुढे-मागे सरकवावी लागते. एक्झिफटूल तेही करतं.

[दृश्य : पडद्यावर वेळेच्या क्रमाने लागलेले फोटो — मारुती चौक, हरिपूर रस्ता, गावभाग]

आता पाणी कुठे आधी शिरलं, कुठून आधी ओसरलं, ते ओळीने दिसतं. पूररेषेचा वाद असो की नुकसानीचा पंचनामा, असा फोटो कामाला येतो. याच आज्ञेने खोटी तारीखही चढवता येते, म्हणून खात्री करायला मूळ फाइल हवीच.

[दृश्य : स्टुडिओच्या दारात मोबाइल घेऊन आलेले शेजारी]

तुमच्याकडेही पुराचे फोटो असतील, तर केबल लावून उतरवून द्या. व्हॉट्सअ‍ॅपनेच पाठवणार असाल, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.