आटणाऱ्या पाण्यातलं बालपण

[दृश्य: उथळ डबकं, वरून. कडेच्या गवताला चिकटलेला जेलीचा गोळा.]

हे डबकं कुठल्याच नकाशावर नाही. पावसानं भरलंय, काही आठवड्यांत आटूनही जाईल. अशा पाण्यात मासा तग धरत नाही, आणि बेडकीला हेच तर हवं असतं. मासे असले की अंडी आणि पिल्लं दोन्हींचा फडशा पडतो. पिल्लं मोठी होईपर्यंत पुरेल इतकं पाणी असावं, मासे वाढतील इतकं ते टिकू नये. बेडकांच्या कित्येक जातींचा सगळा हिशोब एवढाच.

[दृश्य: अंड्यांचा क्लोजअप.]

या अंड्यांना कवच नाही. भोवती आहे ती फक्त जेली. उघड्यावर घातलेल्या अंड्यांची वरची बाजू बहुधा काळपट असते. त्या रंगामुळे ऊन शोषलं जातं आणि आतला गर्भ अतिनील किरणांपासून थोडाफार वाचतो. अंडं वाळलं की मात्र सगळं संपलं.

[दृश्य: जेलीतून सुटणारी पिल्लं. मग पोटाचा क्लोजअप.]

बेडूकमासा. कल्ल्यांनी श्वास घेतो, शेपटीनं पोहतो. तोंडात बारीक, कठीण दातऱ्या असतात. त्यांनी दगडावरचं शेवाळ खरवडायचं, हा दिवसभराचा उद्योग. पोटाकडे नीट पाहा. कातडीतून आतडं दिसतंय, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं. शेवाळ पचायला वेळ लागतो, म्हणून आतडं एवढं लांब.

[दृश्य: टाइमलॅप्स. मागचे पाय, मग पुढचे.]

आता गळ्यातली थायरॉईड ग्रंथी कामाला लागते. तिचा स्राव रक्तात वाढला की शरीराची मोडतोड सुरू होते. दुसरा शब्द सुचत नाही. मागचे पाय आधीच दिसू लागलेले असतात. पुढचे पाय कल्ल्यांवरच्या पडद्याखाली लपून वाढतात आणि तो पडदा फोडून बाहेर येतात. हा क्षण सावकाश करून दाखवतोय, कारण एरवी तो डोळ्यांना सापडत नाही.

शेपूट गळून पडते असं बऱ्याच जणांना वाटतं. ती पडत नाही, शरीर ती आतल्या आत पचवतं. या दिवसांत तोंडाचीही पुनर्बांधणी चाललेली असते. शेवाळ खरवडणाऱ्या दातऱ्या जातात, जबडा रुंद होतो, जीभ तयार होते. तोवर खाणं बंद, आणि शेपटीतूनच शिधा मिळत राहतो. ते लांबलचक आतडंही आखूड होतं, कारण यापुढे जेवणात किडे असणार. पाण्यात शिरलेला शाकाहारी मांसाहारी होऊन बाहेर पडतो.

[दृश्य: भेगाळलेला काठ. उरलेल्या पाण्यात दाटीवाटीनं बेडूकमासे.]

आणि पाणी आधीच आटलं तर? काही जाती वेग वाढवतात. पाणी कमी झालं, गर्दी झाली, की शरीरात ताणाचे स्राव वाढतात आणि ते थायरॉईडला घाई करतात. उत्तर अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटातला काउचचा स्पेडफूट नावाचा बेडूक यात सगळ्यांच्या पुढे. वर्षाचा बराचसा काळ जमिनीखाली काढायचा, उन्हाळी वादळाचा पाऊस पडला की वर यायचं, त्याच रात्री अंडी घालायची. अनुकूल परिस्थितीत त्याची पिल्लं आठ-दहा दिवसांत पायांवर उभी राहतात. घाईची किंमत असतेच. लवकर बाहेर पडलेला बेडूक अंगानं लहान राहतो.

[दृश्य: रात्र. फुगलेला स्वरकोश. निवेदन नाही, फक्त आवाज.]

[दृश्य: ओल्या मातीवर पोट टेकून बसलेला बेडूक. मग त्वचेचा अगदी जवळचा शॉट.]

हा नुसता बसलेला दिसतो, पण पाणी पितोय. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या बाजूला आणि मांड्यांच्या आत पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेली त्वचा असते. ती ओल्या जमिनीला टेकली की पाणी आत शिरतं. श्वासाचंही अर्धंमुर्धं काम त्वचाच करते. सॅलॅमँडर म्हणजे बेडकांचे शेपटीवाले नातलग, त्यांच्या सगळ्यात मोठ्या कुळात तर फुप्फुसंच नाहीत. त्यांचा सगळा श्वास त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून.

[दृश्य: किडा गिळताना मिटलेले डोळे.]

जाता जाता हेही बघा. गिळताना डोळे मिटतात ते चवीनं नव्हे. डोळ्यांचे गोळे आत ओढले जाऊन घास घशाकडे ढकलतात.

तर, त्वचा. पाणी आणि प्राणवायू आत घेणारी त्वचा कीटकनाशकही आत घेते. त्वचेवरचा हल्ला म्हणजे एकाच वेळी श्वासावर, पाण्यावर आणि रक्तातल्या क्षारांवर हल्ला. कायट्रिड नावाच्या बुरशीनं हेच केलं. त्वचेतल्या केराटिनमध्ये, म्हणजे आपल्या नखांत-केसांत असतं त्या कठीण प्रथिनात, ती वाढते, सोडियम आणि पोटॅशियम यांचा तोल बिघडतो, शेवटी हृदय थांबतं. बेडूकमाशात केराटिन असतं ते फक्त तोंडाच्या दातऱ्यांमध्ये, म्हणून तो बहुधा वाचतो. रूपांतर पूर्ण झालं, अंगभर नवी त्वचा आली, की मरतो.

[दृश्य: स्थिरचित्रं, एकामागून एक.]

१९९९ मध्ये या बुरशीचं शास्त्रीय वर्णन झालं. २०१९ च्या जागतिक आढाव्यानुसार तिच्यामुळे निदान ५०१ जातींची संख्या घटली आणि त्यातल्या ९० बहुधा नामशेष झाल्या. बेडूक एका खंडातून दुसऱ्या खंडात नेण्याच्या माणसांच्या व्यापारानं ती पसरायला मदत केली. हा सोनेरी भेक कोस्टा रिकातल्या मॉन्टेव्हर्देचा. १९८९ नंतर कुणाला दिसलेला नाही. २०२३ च्या मूल्यमापनात जगातल्या सुमारे ४१ टक्के उभयचर जाती धोक्यात निघाल्या.

[दृश्य: पुन्हा डबकं. शेजारी मुरुमाचा ढीग, रोलर.]

बुरशीची बातमी होते. भराव टाकून बुजलेल्या डबक्याची होत नाही. मोठं तळं बुजवायचं तर कागद फिरतात, हरकती येतात. खळग्यातलं पाणी आटलं की ती मोकळी जागा होते, पुढच्या पावसात तिथे परतणाऱ्या बेडकीला कुणी विचारात घेत नाही. हवामान बदलानं पावसाचं वेळापत्रक बिघडवलं आहे, ते वेगळंच.

[दृश्य: मशिनीनं खणलेला उथळ खड्डा, कडेला नवं गवत.]

स्वित्झर्लंडमधल्या आरगाउ प्रांतानं उलटं करून पाहिलं. साधारण वीस वर्षांत तिथे शेकडो नवी तळी खणली गेली. बुरशी होती, रस्ते होते, शेतीतली औषधं होती, काहीच थांबलं नव्हतं. तरीही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उभयचरांच्या प्रादेशिक समूहांपैकी निम्म्याहून जास्त वाढलेले आढळले. युरोपीय वृक्षबेडूक त्यात ठळकपणे पुढे होता, आणि त्याला मानवली ती उथळ, पाण्याची पातळी वरखाली होणारी, मधूनच कोरडी पडणारी तळी.