वर्षभरासाठी आलेले अध्यक्ष

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेजचे अध्यक्ष म्हटले की आपल्याकडे बहुधा व्यासपीठावरच्या मधल्या खुर्चीत बसून शाल-श्रीफळ स्वीकारणारे गृहस्थ डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजचा अध्यक्ष हा मात्र पूर्णवेळ पगारी माणूस असतो. शिक्षकांच्या नेमणुकांपासून सरकारकडून निधी मिळवण्यापर्यंत सगळ्याचे उत्तर त्यालाच द्यावे लागते. अशाच एका अध्यक्षांविषयी आज मी बोलणार आहे. त्यांचे नाव एदुआर्दो पाद्रोन. फ्लोरिडा राज्यातील मायामी डेड कॉलेजचे ते १९९५ पासून २०१९ पर्यंत अध्यक्ष होते.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या कोणालाही येथे प्रवेश मिळतो. पुन्हा सांगतो, कोणालाही. गुणांची यादी लागत नाही, फी विद्यापीठापेक्षा पुष्कळ कमी असते आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून विद्यार्थी नोकरी धरतो किंवा विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातो. आपल्याकडे पहिली यादी किती टक्क्यांना बंद झाली, यावर कॉलेजची प्रतिष्ठा ठरते. नव्वद टक्के घेऊन आलेल्या मुलाला नव्वद टक्क्यांनिशीच बाहेर पाठवण्यात कॉलेजचे कर्तृत्व कोणते, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. असो.

आता पाद्रोन यांची हकीकत. ती मला फार आवडते, त्यामुळे जरा विस्ताराने सांगतो.

क्युबात १९५९ साली क्रांती झाली आणि फिडेल कास्त्रो सत्तेवर आले. पुढे खाजगी शाळा सरकार ताब्यात घेणार अशी चिन्हे दिसू लागली आणि मुले आपल्या हातून जातील, या धास्तीने अनेक आईबापांनी त्यांना एकटेच अमेरिकेला पाठवायला सुरुवात केली. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या काळात सुमारे चौदा हजार मुले अशी पालकांविना मायामीत उतरली. तेथे त्यांची व्यवस्था ब्रायन वॉल्श नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू पाहत. हवानाच्या विमानतळावर प्रवाशांसाठी काचेच्या भिंतींची एक खोली होती आणि लोक तिला मासे ठेवण्याची काचपेटीच म्हणत. मुले आत, आईबाप बाहेर, मध्ये काच. ओठ हललेले दिसत, शब्द ऐकू येत नसत. विमानाने तासाभराचा प्रवास, पण पलीकडे पोचल्यावर पुन्हा भेट कधी होईल, हे कोणालाच ठाऊक नसे.

सांतियागो दे क्युबा या शहरातला किशोरवयीन एदुआर्दो १९६१ साली आपल्या धाकट्या भावाला घेऊन असाच निघाला. निघण्यापूर्वी आईने त्याच्याकडून एक वचन घेतले : काहीही झाले तरी कॉलेजचे शिक्षण घ्यायचे. काहीही झाले तरी. परक्या देशात, परक्या भाषेत त्याने शाळा पूर्ण केली आणि विद्यापीठांकडे अर्ज केले. सगळीकडून नकार आला. ज्याने घेतले, ते डेड काउंटी ज्युनिअर कॉलेज, म्हणजेच आजचे मायामी डेड कॉलेज, नुकतेच, १९६० साली, सुरू झालेले होते. त्याच्या तात्पुरत्या इमारतींकडे पाहून लोक त्याला ‘कोंबड्यांचे खुराडे’ म्हणत. पण पहिल्या दिवसापासून तेथे क्युबाहून आलेल्या निर्वासितांना दार उघडे होते.

या खुराड्यातून पाद्रोन फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठात गेले, पदवीधर झाले आणि पुढे फ्लोरिडा विद्यापीठातून त्यांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. आईचे वचन व्याजासकट पुरे झाले होते. आता उद्योगक्षेत्रात जाऊन चांगला पैसा मिळवावा, असा त्यांचा बेत होता आणि मोठ्या कंपनीतली नोकरीही समोर होती. मात्र जुन्या कॉलेजातल्या शिक्षकांनी त्यांना गाठले. ज्या कॉलेजाने तुला घेतले, तेथे एक वर्ष तरी शिकव, असा त्यांचा आग्रह होता. शिक्षकांचा शब्द मोडवेना, म्हणून १९७० मध्ये पाद्रोन अर्थशास्त्र शिकवायला रुजू झाले. केवळ एका वर्षासाठी. त्या वर्षाची पुढे जवळजवळ पन्नास वर्षे झाली.

१९८० मध्ये शहराच्या मध्यवस्तीतील वोल्फसन शाखेचे ते प्रमुख झाले. मायामीचे ते अत्यंत वाईट वर्ष होते. वर्णसंघर्षातून दंगली उसळल्या होत्या आणि क्युबातल्या मारिएल बंदरातून काही महिन्यांत सव्वा लाखाच्या आसपास क्युबन माणसे होड्यांनी येऊन धडकली होती. अशा शहरात १९८४ साली पाद्रोन यांनी पुस्तकविक्रेते मिचेल काप्लान यांच्यासारख्या मंडळींना सोबत घेऊन कॉलेजच्या परिसरातील रस्त्यांवर पुस्तकांची जत्रा भरवली. ती आजही दर वर्षी नोव्हेंबरमध्ये भरते. पुस्तके अशी रस्त्यावरच मांडली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. मंगल कार्यालयात प्रदर्शन भरवले, की चपला बाहेर काढायच्या की नाहीत, या विचारातच अर्धे वाचक दारातून परततात.

अध्यक्ष झाल्यावर त्यांनी दाराचे माप कमी केले नाही, आतले घर मात्र वाढवले. २००३ मध्ये शिक्षणशास्त्राची चार वर्षांची पदवी सुरू झाली आणि ‘मायामी-डेड कम्युनिटी कॉलेज’ या तोवरच्या नावातला ‘कम्युनिटी’ हा शब्द गेला. प्रवेशाचा नियम तोच राहिला. विद्यार्थीसंख्या दीड लाखाच्या पुढे गेली. २००५ मध्ये ‘फ्रीडम टॉवर’ ही शहरातील जुनी इमारत कॉलेजला दान मिळाली. तेथे १९६२ पासून बारा वर्षे क्युबन निर्वासितांची नोंदणी होई, औषधपाणी होई आणि सरकारी चीज व दुधाची भुकटी वाटली जाई. त्या रांगांत उभे राहिलेल्यांची मुले-नातवंडे पुढे याच कॉलेजात शिकली.

नोव्हेंबर २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. त्या दिवशीच्या मानकऱ्यांत मायकल जॉर्डन, टॉम हँक्स आणि बिल व मेलिंडा गेट्स होते, आणि त्यांच्या बरोबरीने गुणांची यादी न लावणाऱ्या कॉलेजचा हा अध्यक्ष होता. वर्तमानपत्रांनी छायाचित्रे कोणाची छापली, ते तुम्ही ओळखले असेलच.

२०१९ मध्ये ते निवृत्त झाले. लिटल हवाना या वस्तीतील शाखेला आता एदुआर्दो पाद्रोन यांचे नाव आहे. नव्याने येणाऱ्यांना इंग्रजी शिकवण्याचे वर्ग तेथे चालतात, आणि तेथेही गुणांची यादी लागत नाही. नमस्कार.